ईएसआयचं लिमिट वाढवायचं, की माणसाला बाहेर काढणंच बंद करायचं?

सुईदोरा

नमस्कार. लिहीन लिहीन म्हणत राहून जात होतं. नवी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आणि आता जो तो ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, पगाराचं लिमिट २१ हजारांवरून २५ करा, ३० करा म्हणतोय. पगार त्या लिमिटच्या वर गेला की माणूस योजनेबाहेर. म्हटलं आधी आमची गोष्ट सांगावी.

नवरा एका मशीन शॉपमध्ये आहे. २०२४च्या जुलैत पगार २०,७०० वरून २१,५०० झाला. त्याच्या शेजारच्या मशीनवरचे काका म्हणाले, "वाढ नको म्हणून लिहून दे." आम्हाला थट्टा वाटली. पगारवाढ नको म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

सप्टेंबरपर्यंत ईएसआयची कपात चालू राहिली, कारण एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा एक टप्पा धरतात आणि मधेच पगार वाढला तरी तो टप्पा पुरा करतात. त्या जोरावर पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत कार्ड चाललं. १ जुलैला आम्ही बाहेर. मला आमवात आहे. दर महिन्याला रक्त तपासायचं, गोळ्या कायमच्या. आठ वर्षं आम्ही आत होतो, हे सगळं ईएसआयच्या डिस्पेन्सरीतून होत होतं, खिशातून एक रुपया जात नव्हता. रांग होती, गोळी "आज नाही, सोमवारी या" असायची, सगळं मान्य. पण होत होतं.

बाहेरची पॉलिसी घ्यायला गेलो. एका ठिकाणी म्हणाले जुना आजार तीन वर्षं धरणार नाही. दुसऱ्यांनी मी खरं लिहिलं म्हणून फॉर्मच परत केला. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला म्हणून सगळे खूश आहेत. पण आम्हाला पॉलिसी द्यायलाच कोणी तयार नाही, तर त्यावरचा कर गेला काय नि राहिला काय!

आता माझं म्हणणं. लिमिट ३० केलं तर आम्ही परत आत येऊ, छान. चार वर्षांनी पगार ३०,४०० होईल, पुन्हा बाहेर, आणि तेव्हा मी चार वर्षांनी म्हातारी असेन. आकडा कुठे ठेवायचा यावर सगळे भांडतात. आकडा ओलांडला की त्याच माणसाला, त्याच आजारासकट दाराबाहेर का काढायचं, हे कोणी विचारत नाही. मालकाचा आणि आमचा हिस्सा मिळून ४ टक्के होतात. २१,५०० चे ८६० रुपये. सगळे आम्ही भरतो, पण आत राहू द्या! असा पर्याय कायद्यात का नसावा?

जुना_फिटर

सुईदोराताई, शेजारच्या मशीनवरचे काका अनुभवी दिसतात. आमच्याकडेही हे चालायचं. वाढ "ओव्हरटाइममध्ये टाका" म्हणायचे लोक, कारण लिमिट बघताना ओव्हरटाइम धरत नसत, कपात मात्र त्याच्यावरही व्हायची.

हे लिमिटचं गाडं जुनं आहे. मी लागलो तेव्हा १,६०० होतं. १९९२ला ३,०००, १९९७ला ६,५००, २००४ला ७,५००, २००६ला १०,०००, २०१०ला १५,०००, आणि १ जानेवारी २०१७ला २१,०००. बघा, दर दोन ते सात वर्षांनी हलायचं. मी लागल्यापासून बघितलं तर २०१७ नंतर सगळ्यात जास्त काळ हललेलं नाही. या काळात किमान वेतन किती वेळा सुधारलं ते मोजा. कुशल कामगार नुसत्या महागाई भत्त्याच्या धक्क्यानेच दाराबाहेर जातो.

मी तीन वेळा बाहेर पडून तीन वेळा आत आलो. प्रत्येक वेळी मधल्या काळात घरात कोणी ना कोणी आजारी पडलंच, योगायोग म्हणा.

निष्कारण

एक मूलभूत प्रश्न. आत राहण्यासाठी एवढी धडपड करण्यासारखं तिथे आहे काय? सक्तीने पैसे कापून सरकारी दवाखान्यात रांगेत उभं करायचं, आणि वर लिमिट वाढवून आणखी लोकांना ओढायचं? २०१५च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जेटलींनी सरळ सांगितलं होतं की कामगाराला ईएसआय किंवा विमा नियामकाने मान्य केलेली आरोग्य पॉलिसी, यांतलं एक निवडायची मुभा देऊ. संघटनांनी विरोध केला, विषय बासनात गेला. तो कायदा आणा. ज्याला ईएसआय आवडतं तो राहील, बाकीचे सुटतील.

मधलीसुट्टी

@निष्कारण, धागा बाहेर काढलेल्या बाईंचा आहे हो. त्या आत घ्या म्हणतायत आणि तुम्ही बाहेर पडायची सोय मागताय. :)

डॉ_वगैरे

मी सहा वर्षं ईएसआय डिस्पेन्सरीत काढली आहेत, त्यामुळे तिथल्या उणिवा मला कोणी सांगू नयेत. पण निष्कारण यांनी जी तुलना केली ती चुकीच्या पायावर आहे.

पॉलिसी म्हणजे ईएसआयचा फक्त एक तुकडा. ईएसआयमध्ये उपचाराला रकमेची मर्यादा नाही, ५ लाख संपले म्हणून कोणी घरी पाठवत नाही. नोकरीला लागल्या दिवसापासून प्राथमिक उपचार सुरू होतात, जुना आजार-नवा आजार असा प्रश्न कोणी विचारत नाही. (मोठ्या सुपरस्पेशालिटी उपचारांना किती महिने वर्गणी भरली याच्या अटी आहेत, ते खरं.) आई-वडील अवलंबून असतील तर तेही आत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पगार. आजारी पडलात तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के रोख. टीबी, कॅन्सर, अर्धांगवायू अशा ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणाचे २६ आठवडे पूर्ण पगार. कामावर अपघात झाला तर ९० टक्के. त्या अपघातात माणूस गेला तर कुटुंबाला पेन्शन. हे सगळं ४ टक्क्यांत. बाजारातली कोणती पॉलिसी बुडालेली मजुरी भरून देते? मला दाखवा, मीही घेतो.

आता ज्याला निवडीची मुभा म्हणतात तिचं काय होतं ते बघा. पंचविशीतला धडधाकट पोरगा स्वस्तातली पॉलिसी घेऊन बाहेर जाणार. मागे राहणार आमवातवाल्या, डायलिसिसवाले, पन्नाशीचे. मग ४ टक्क्यांत भागणार नाही, वर्गणी वाढवावी लागणार, वर्गणी वाढली की आणखी धडधाकट जाणार. विमा हा शेवटी भिशीसारखा. ज्यांना या महिन्यात गरज नाही ते भरतात म्हणून ज्याला आहे त्याला मिळतं.

आणि सुईदोराताई, राग मानू नका, पण हाच मुद्दा तुमच्या मागणीलाही लागू होतो. "ज्याला राहायचं त्याने पैसे भरून राहावं" असं म्हटलं की राहणार कोण? ज्याला आजार आहे तोच. ८६० रुपयांत तुमचा महिन्याचा औषध-तपासणीचा खर्चही निघत नसेल.

सुईदोरा

राग कशाला, बरोबर बोललात. पण डॉक्टर, आठ वर्षं आम्ही भरत होतो. त्यातली पहिली तीन वर्षं मी एकदाही डिस्पेन्सरीची पायरी चढले नव्हते. ती भिशी आम्ही भरलीच ना? आमचा नंबर लागला आणि तेव्हाच भिशी बंद, असं झालं.

डॉ_वगैरे

हे उत्तर मला सुचायला हवं होतं. मान्य.

मग असं करता येईल. ज्या दिवशी लिमिट ओलांडेल त्यानंतर तीन महिन्यांच्या आत ठरवा, राहायचं की जायचं. गेलात तर पगार लिमिटच्या वर असेपर्यंत परत नाही. आजार झाल्यावर परत यायची सोय ठेवली नाही की धडधाकट माणूसही विचार करून राहतो. जर्मनीत साधारण हेच आहे. तिथेही सक्तीच्या विम्याला पगाराची मर्यादा आहे, पण ती ओलांडली की कोणी काढून टाकत नाही, स्वेच्छेने सभासद राहता येतं. खासगीकडे गेलात तर मात्र ५५ नंतर परतीचा रस्ता जवळपास बंद. थायलंडमध्ये नोकरी सुटली तरी वर्षभर वर्गणी भरलेल्याला स्वतःच्या खर्चाने पुढे चालू ठेवता येतं. म्हणजे जगावेगळं काही मागत नाही आहात.

बारा_कामगार

मी दुसऱ्या बाजूचा. छोटा कारखाना, नावाप्रमाणे बारा माणसं. मालक म्हटलं की लोकांना मर्सिडीज दिसते, माझ्याकडे टेम्पो आहे.

दहा माणसं झाली की ईएसआय लागतो. माझा हिस्सा ३.२५ टक्के. २०१९च्या जूनपर्यंत तो ४.७५ होता, कामगाराचा १.७५. आता त्यांचा ०.७५. दर कमी झाले हे चांगलंच, नाही म्हणत नाही. पण माझ्या माणसांना सगळ्यात जवळची डिस्पेन्सरी २६ किलोमीटरवर आहे. सर्दी-तापाला कोण जाणार? अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून? ती पोरं गावातल्या डॉक्टरला दीडशे रुपये देतात आणि पगारपत्रकावर कपात बघून मला शिव्या घालतात. आता संहितेने अधिसूचित जिल्ह्यांची भानगड काढून ईएसआय देशभर लागू केला. उत्तम. दवाखाने देशभर कधी लागू होणार?

लिमिट ३० करा, माझ्या बारापैकी आणखी चार आत येतील. भरीन. पण आधी डॉक्टर द्या.

पगारपत्रक

पंधरा वर्षं पगार काढतोय (दुसऱ्यांचे). लिमिट वाढवायला कायदा बदलावा लागत नाही. कायद्याच्या कलमात २१ हजार हा आकडा नव्हताच, तो नियमात होता, आणि संहितेतही तो केंद्र सरकारने अधिसूचना काढूनच ठरवायचा आहे. म्हणजे मनात आणलं तर एका सकाळी होतं.

पण गंमत पुढे आहे. नव्या संहितेत "वेतन" या शब्दाची व्याख्या बदलली, आणि लिमिटचा आकडा न हलवताही बरेच लोक आत येऊ शकतात. जुन्या ईएसआय कायद्यात घरभाडे भत्ता वेतनात धरायचे. नव्यात तो वगळलाय. अट एकच, वगळलेले सगळे भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग परत वेतनात धरायचा.

उदाहरण घ्या. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १९,०००, घरभाडे ११,०००. एकूण ३०,०००. जुन्या हिशेबात हा माणूस लिमिटच्या कितीतरी वर. नव्या हिशेबात वगळलेले ११,००० हे निम्म्याच्या, म्हणजे १५,०००च्या आत आहेत, म्हणून वेतन १९,०००. हा आत! कामगाराचे १४३ रुपये, मालकाचे ६१८. "स्पेशल अलाउन्स" नावाची जी पोतडी असते ती मात्र वगळलेल्या यादीत नाही, ती वेतनातच येते.

एचआरवाल्या ग्रुपांवर सध्या फक्त पीएफ आणि हातात येणारा पगार यावर काथ्याकूट चाललाय. ईएसआयचं हे दार उघडलंय इकडे फारसं कोणाचं लक्ष नाही.

निष्कारण

म्हणजे ३० हजार मिळवणाऱ्याला न विचारता परत सक्तीत घातलं. वा. त्याच्याकडे कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल, ती कंपनी आता बंद करेल. बारा_कामगार म्हणतात तशा ठिकाणी डिस्पेन्सरी नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे.

पगारपत्रक

हा मुद्दा खरा आहे, मी नाकारत नाही. ग्रुप पॉलिसी बंद होण्याची भीती मलाही वाटते. तरी ग्रुप पॉलिसी तुमची नसते, कंपनीची असते. नोकरी गेली की गेली. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय नियामकाने ठेवली आहे, भोगून झालेला प्रतीक्षा काळही धरतात. आणि इथेच सुईदोराताईंच्या गोष्टीतली खरी फट आहे. ईएसआय विमा नियामकाच्या कक्षेतच नाही. त्यामुळे एका खासगी कंपनीतून दुसरीकडे पॉलिसी हलवताना जी वर्षं मोजली जातात, ती ईएसआयमधून बाहेर पडणाऱ्याला मिळत नाहीत. आठ वर्षं विमा असूनही बाजाराच्या लेखी ही बाई काल जन्मली. जुन्या आजाराची प्रतीक्षा २०२४मध्ये चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, पण ते घड्याळ त्यांच्यासाठी शून्यापासून.

माझ्या मते लिमिटच्या भांडणापेक्षा ही एक ओळ कायद्यात घालणं सोपं आहे: ईएसआयमधली सलग वर्षं प्रतीक्षा काळात धरा. याला सरकारचा पैसाही लागत नाही.

डॉ_वगैरे

चांगली सूचना, पण अर्धीच. प्रतीक्षा काळ माफ केला तरी फॉर्म परत करायचा अधिकार कंपनीकडे राहतोच, आणि हप्ता किती लावायचा हाही. ताईंना आत राहायलाच मिळायला हवं.

गाडीवान

मी डिलिव्हरीचं काम करतो. आमचं लिमिट कोणतं? आम्ही कामगारच नाही म्हणे, पार्टनर. :D

पगारपत्रक

@गाडीवान दादा, संहितेत पहिल्यांदाच गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हा शब्द कायद्यात आला. तुमच्या कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के एका निधीत द्यायचे, मात्र तुम्हाला दिलेल्या पैशांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्या निधीतून योजना करायच्या. पण ती ईएसआयसारखी हक्काची चौकट नव्हे. कोणत्या आजारात किती दिवस किती पैसे, हे ईएसआयमध्ये लिहिलेलं असतं आणि न मिळाल्यास दाद मागता येते. तुमच्याकडे आधी निधी, मग योजना, मग बघू. सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी मात्र करून ठेवा.

गाडीवान

नोंदणी केली आहे. "मग बघू"ची वाट बघतोय.

मधलीसुट्टी

एक बावळट प्रश्न. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना २०२३च्या निर्णयानंतर सगळ्यांसाठी खुली आहे ना, ५ लाखांची? मग ईएसआयमधून बाहेर पडलं तर एवढं काय बिघडतं?

सुईदोरा

बावळट नाही, मीही आधी तेच केलं. योजना चांगली आहे, माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी त्यातच झाली. पण ती ठरवून दिलेल्या उपचारांची यादी आहे, आणि मुख्यतः ॲडमिट होण्यासाठी. माझा आजार ॲडमिट होण्याचा नाही. दर महिन्याला रक्त, गोळ्या आणि तीन महिन्यांनी डॉक्टर. बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या माणसाला या योजनांत जागा नाही. आणि कायमच्या आजारांतला बहुतेक खर्च तिथेच होतो.

जुना_फिटर

एक राहिलं. पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायकोला उपचार मिळतात. मी आणि घरचे त्यावरच आहोत. पण निवृत्त होताना पगार लिमिटच्या वर गेलेला असला की हे मिळत नव्हतं. वीस वर्षं भरलेली माणसं शेवटच्या तीन वर्षांतल्या वाढीमुळे लटकली. फेब्रुवारी २०२४मध्ये ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाने ठरवलं की २०१७ नंतर ३० हजारांपर्यंतच्या पगारावर निवृत्त झालेल्या अशा लोकांनाही घ्यायचं.

म्हणजे लिमिट ओलांडलं म्हणून काढलेला माणूस परत घेता येतो, हे त्यांनीच मान्य केलंय. साठीला घेता, तर चाळिशीला काय हरकत आहे? मधली वीस वर्षं त्याने आजारी पडू नये?

बारा_कामगार

हे माहीत नव्हतं. काका, तुमचा मुद्दा पटला.

मालकांच्या बाजूने एक अट घालतो. लिमिटच्या वर गेलेल्याने राहायचं ठरवलं तर माझा ३.२५ टक्क्यांचा हिस्सा सक्तीचा ठेवू नका. नाहीतर मी काय, कोणीही असल्या माणसाला पगारवाढ देताना दहादा विचार करेल. तो स्वतः भरतो म्हणतोय तर भरू द्या. पाहिजे तर मी निम्मा देईन, पण मर्जीने.

डॉ_वगैरे

मर्जीवर सोडलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी एक पायरी म्हणून चालेल.

डिस्पेन्सरीबद्दल तुमचं दुखणं शंभर टक्के खरं. लोकांना वाटतं ईएसआयचे दवाखाने महामंडळ चालवतं. बरेचसे राज्य सरकार चालवतं, खर्चाचे आठातले सात भाग ठरलेल्या मर्यादेपर्यंत महामंडळ देतं, एक भाग राज्य. भरती राज्याने करायची, पैसा दुसऱ्याचा. मी होतो तेव्हा माझ्याकडे औषधं होती आणि औषध देणारा नव्हता. महामंडळाकडे पैसा पडून आणि डिस्पेन्सरीत कंपाउंडर नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नुसतं लिमिट वाढवलं तर त्याच खिडकीवर दीडपट रांग लागेल. खासगी डॉक्टरांची पॅनेल पद्धत आहे, ती तुमच्यासारख्या ठिकाणी नेली तर सर्दी-ताप गावातच मिटेल.

पगारपत्रक

सुईदोराताई, एक काम करा. साहेबांची पगाराची स्लिप काढा. २१,५०० मध्ये घरभाडे भत्ता वेगळा दाखवलाय का? दाखवला असेल आणि बाकीची रक्कम २१,०००च्या आत येत असेल, तर नव्या व्याख्येने तुम्ही आजच आत असायला हवेत. जुनाच आयपी नंबर, म्हणजे विमाधारकाचा नंबर, चालतो.

सुईदोरा

दोन दिवस वेळ मिळाला नाही. आत्ता स्लिप घेऊन बसलेय. एकच ओळ आहे: "एकत्रित वेतन २१,५००". घरभाडे, डीए काही नाही.

पगारपत्रक

अरेरे. मग सगळंच वेतन धरणार. ५०० रुपयांनी बाहेर.

फोड करून मागता येईल. १७,५०० बेसिक, ४,००० घरभाडे. पीएफ १५,०००वर कापत असतील तर त्यात फरक पडणार नाही. पण ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते, ती पुढे कमी होईल. शिवाय मालकाला आज जो ३.२५ टक्के भरावा लागत नाही तो भरावा लागेल. ४,०००ची फोड करायची आणि वर स्वतःच महिन्याला ५६९ रुपये भरायचे, हे तो का करेल, हा प्रश्न आहे.

बारा_कामगार

मी असतो तर केलं असतं. पण मी इथे बसून बोलतोय, आणि हे बोलणं फुकट आहे. साहेबांना म्हणावं, मालकाकडे एकट्याने जाऊ नका. असे २१ ते २२च्या मधे अडकलेले तिथे आणखी चार तरी असतील, सगळे मिळून जा. आणि वर्ष संपायच्या आत जा, एप्रिलच्या वाढीचा हिशेब मांडला की मग मालक ऐकत नाही.

सुईदोरा

आत्ताच विचारलं. चार नाही, सात आहेत. शेजारच्या मशीनवरचे काका त्यात नाहीत. ते अजून २०,९०० वरच आहेत.